संगणक-शंका : कॉर्बा, आयडीएल आणि निरनिराळ्या यंत्रांचा संवाद

प्रश्न (पुण्याहून एक वाचक) : मी नुकताच एका टेलिकॉम प्रकल्पात रुजू झालो आहे. सर्व्हर सी प्लस प्लसमध्ये लिहिलेला असून जुन्या सोलारिस यंत्रावर चालतो. ऑपरेटर वापरतात तो प्रोग्रॅम जावात आहे आणि विंडोजवर चालतो. वरिष्ठांच्या बोलण्यात कॉर्बा, आयडीएल, ओआरबी असे शब्द सतत येतात. हे नेमके काय आहे, आणि आज ते शिकण्यात अर्थ आहे का?

उत्तर : आधी अडचण समजून घेऊ. ३०० हा आकडा ३२ बिटांत साठवायचा असेल, तर आपले सोलारिस ज्या स्पार्क प्रोसेसरवर चालत असण्याची शक्यता आहे तो ०, ०, १, ४४ या क्रमाने चार बाइट ठेवतो. इंटेलचा प्रोसेसर तेच बाइट ४४, १, ०, ० असे उलट क्रमाने ठेवतो. स्पार्कने पाठवलेले बाइट इंटेलने आपल्या पद्धतीने जसेच्या तसे वाचले, तर ग्राहकाचे ३०० रुपयांचे बिल ७३ कोटी ८२ लाख ६३ हजार ४० रुपयांचे होईल. भाषा वेगळ्या असल्या की घोळ आणखी वाढतो : सी प्लस प्लसमधला 'लाँग' काही यंत्रांवर ३२ बिटांचा, काहींवर ६४ बिटांचा असतो, तर जावातला नेहमीच ६४ बिटांचा. हे सगळे प्रत्येक प्रोग्रॅमरने प्रत्येक प्रकल्पात स्वतः सांभाळायचे ठरवले, तर निम्मे आयुष्य त्यातच जाईल.

त्यासाठी १९८९ मध्ये अनेक संगणक कंपन्यांनी मिळून ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुप ही संस्था स्थापन केली आणि १९९१ मध्ये कॉर्बाची पहिली आवृत्ती जाहीर झाली. कॉर्बा हे विकत घ्यायचे सॉफ्टवेअर नव्हे, निरनिराळ्या भाषांतले आणि यंत्रांवरचे प्रोग्रॅम एकमेकांशी कसे बोलतील हे ठरवणारे ते एक मानक आहे. त्या मानकाप्रमाणे बनवलेली साधने निरनिराळ्या कंपन्यांनी आणि विद्यापीठांनी दिली. डब्लिनच्या आयोना कंपनीचे ऑर्बिक्स, पुढे बोर्लंडकडे गेलेले व्हिजिब्रोकर, केंब्रिजच्या संशोधन प्रयोगशाळेत जन्मलेले ओम्निओआरबी आणि सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातले टाओ ही त्यांतली ठळक नावे.

काम असे चालते. कोणता ऑब्जेक्ट कोणती कामे करील, त्याला काय द्यायचे आणि तो काय परत देईल, एवढेच आयडीएल या भाषेत लिहायचे. ही भाषा फक्त जाहीरनाम्याची आहे, तिच्यात कृती लिहिता येत नाही. त्यातला 'लाँग' ३२ बिटांचाच, मग यंत्र कोणतेही असो. ही फाइल कंपायलरला दिली की तो ग्राहकाच्या, म्हणजे विनंती करणाऱ्या प्रोग्रॅमच्या, बाजूसाठी स्टब आणि सर्व्हरच्या बाजूसाठी स्केलेटन असे कोडचे दोन तुकडे तयार करतो, आणि दोन्हींच्या भाषा वेगळ्या असल्या तरी चालते. आपल्या जावा प्रोग्रॅमला स्टब हा साधा स्थानिक ऑब्जेक्ट वाटतो. प्रत्यक्षात तो विनंतीचे बाइट बांधून ओआरबीकडे, म्हणजे निरोपांची ने-आण करणाऱ्या मध्यस्थाकडे, देतो, तिकडचा ओआरबी ते स्केलेटनकडे पोहोचवतो आणि उत्तर त्याच वाटेने परत येते.

या निरोपाचा मथळा १२ बाइटांचा असतो. पहिल्या चार बाइटांत जीआयओपी ही चार इंग्रजी अक्षरे, मग आवृत्ती, आणि त्यानंतर बाइटांचा क्रम सुलटा की उलटा हे सांगणारी एक खूण. पाठवणारा आपल्या सोयीच्या क्रमाने पाठवतो आणि गरज असेल तर घेणारा उलटवून घेतो, त्यामुळे दोन एकाच जातीची यंत्रे बोलत असतील तर उलटवण्याचा वेळ मुळीच जात नाही. ही योजना मला आजही फार देखणी वाटते. दोन वेगळ्या कंपन्यांचे ओआरबी एकमेकांशी बोलू लागले ते मात्र कॉर्बाच्या दुसऱ्या आवृत्तीत आयआयओपी हा समान प्रोटोकॉल ठरल्यावर.

तेव्हा शिकावे, हे निश्चित. मोबाइल नेटवर्कच्या व्यवस्थापनाच्या मानकांतही कॉर्बाचे इंटरफेस दिलेले होते, आणि अशा प्रणाली सहजासहजी बदलल्या जात नाहीत. सर्व्हरच्या कोडमध्ये शिरण्यापूर्वी आपल्या प्रकल्पाच्या आयडीएल फायली पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून काढाव्यात. त्या प्रणालीबद्दल इतके खरे आणि इतके थोडक्यात दुसरा कोणताही कागद सांगणार नाही.

प्रश्न (नाशिकहून एक वाचक) : माझा कॉर्बा सर्व्हर आणि ग्राहक-प्रोग्रॅम एकाच यंत्रावर असले की उत्तम चालतात. ग्राहक दुसऱ्या यंत्रावर नेला की जोडणी नाकारली जाते. पिंग व्यवस्थित जाते. चूक कोठे असेल?

उत्तर : या चुकीने माझे स्वतःचे दोन दिवस घेतलेले आहेत. कॉर्बात ऑब्जेक्टचा पत्ता आयओआर या लांबलचक अक्षरमालेत असतो. ती दिसायला नुसती अंक-अक्षरांची रांग असली, तरी तिच्या पोटात सर्व्हरच्या यंत्राचे नाव किंवा आयपी पत्ता आणि पोर्ट लिहिलेले असतात, आणि ते सर्व्हर स्वतःला जसे ओळखतो तसे लिहितो. अनेक लिनक्स यंत्रांवर होस्ट्स फाइलमध्ये, म्हणजे यंत्रांची नावे आणि पत्ते यांच्या यादीत, यंत्राच्या नावापुढे १२७ ने सुरू होणारा, म्हणजे 'मी स्वतः' या अर्थाचा पत्ता असतो. सर्व्हर तोच आयओआरमध्ये घालतो. दुसऱ्या यंत्रावरचा ग्राहक तो वाचतो आणि सर्व्हरकडे जाण्याऐवजी स्वतःचेच दार ठोठावतो. तिथे कोणी नसल्यामुळे जोडणी नाकारली जाते.

ओम्निओआरबीसोबत येणारे कॅटआयओआर किंवा जॅकओआरबी या जावासाठीच्या ओआरबीमधले डिओआर हे साधन वापरून आयओआर उलगडून पाहावा. पत्ता १२७ ने सुरू होत असेल, तर होस्ट्स फाइल दुरुस्त करावी किंवा बाहेर कोणता पत्ता जाहीर करायचा हे ओआरबीच्या सेटिंगमध्ये स्पष्ट लिहावे. नंतर सर्व्हर पुन्हा सुरू करून नवा आयओआर नेमिंग सर्व्हिसमध्ये, म्हणजे ऑब्जेक्टचे नाव सांगितले की पत्ता देणाऱ्या नोंदवहीत, नोंदवायला विसरू नये, कारण जुना तिथे तसाच पडून राहतो.

प्रश्न (कोल्हापूरहून एक विद्यार्थिनी) : कॉर्बा इतके चांगले होते, तर मागे का पडले? आज नवा प्रकल्प सुरू करताना काय निवडावे?

उत्तर : काही कारणे बाहेरची होती. मायक्रोसॉफ्टने डीकॉम हा स्वतःचा मार्ग धरला, जावाने जावा-प्रोग्रॅमांच्या आपसांतल्या संवादासाठी आरएमआय आणले, आणि वेब पसरल्यावर लोकांना वेबच्याच वाटेने जाणारे, फायरवॉलमधून सुटणारे निरोप हवेसे वाटू लागले. शिवाय सी प्लस प्लसमधले मेमरी सांभाळण्याचे कॉर्बाचे नियम इतके किचकट होते की चांगले प्रोग्रॅमरही चुकत.

माझ्या मते मूळ कारण वेगळे आहे. दूरचा ऑब्जेक्ट जवळच्यासारखाच वाटावा, हे कॉर्बाचे स्वप्न होते. १९९४ मध्येच सन मायक्रोसिस्टिम्समधल्या जिम वाल्डो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की वेळ लागणे, अर्धवट बिघाड होणे आणि एकाच वेळी अनेकांनी वापरणे या गोष्टी लपवून ठेवता येत नाहीत. आपण स्वतः हिशेब करून पाहा : बिल भरणाऱ्या २०० ग्राहकांच्या यादीत प्रत्येकाच्या पाच बाबी एकेक करून मागवल्या तर १,००० हेलपाटे होतात, आणि एका हेलपाट्याला ५ मिलिसेकंद धरले तरी पडदा ५ सेकंद कोरा राहतो. कोड वाचताना यातले काहीच दिसत नाही, कारण तिथे फक्त साधे फंक्शन बोलावलेले असते. ज्यांनी सगळी यादी एकाच विनंतीत येईल असा आयडीएल लिहिला त्यांच्या प्रणाली वेगाने चालल्या, आणि ज्यांनी लिहिला नाही त्यांनी कॉर्बाला दोष दिला.

नव्या कामासाठी मी जीआरपीसी ही दूरच्या प्रोग्रॅमांच्या संवादाची व्यवस्था सुचवेन. गूगलने ते २०१५ मध्ये सर्वांसाठी खुले केले. त्यातही आधी इंटरफेसची फाइल लिहायची आणि तिच्यापासून अनेक भाषांतले स्टब तयार करायचे, म्हणजे कॉर्बाची मूळ कल्पना इथे जिवंत आहे. मोठा फरक असा की प्रत्येक बाबीला क्रमांक असतो, त्यामुळे नवी बाब घातली तरी जुने ग्राहक-प्रोग्रॅम चालू राहतात. कॉर्बात स्ट्रक्टमध्ये, म्हणजे एकत्र बांधलेल्या बाबींच्या गटात, एक बाब वाढवली की दोन्ही बाजू नव्याने कंपाइल कराव्या लागत.

प्रश्न (ठाण्याहून एक वाचक) : जावा ८ वरून ११ वर गेल्यावर आमचा कॉर्बाचा कोड कंपाइलच होत नाही.

उत्तर : जावा ९ मध्ये कॉर्बाचे मॉड्यूल काढून टाकण्याचे ठरले आणि २०१८ च्या जावा ११ मध्ये ते खरोखरच काढले गेले, सोबतचा आयडीएल कंपायलरही गेला. आता जॅकओआरबी किंवा ग्लासफिशचा ओआरबी प्रकल्पात वेगळा जोडावा, त्याच्याच कंपायलरने स्टब पुन्हा तयार करावेत आणि मगच चाचणी घ्यावी.

प्रश्न (नागपूरहून एक वाचक) : आमच्या सी प्लस प्लस सर्व्हरकडून येणारी गावांची मराठी नावे जावाच्या पडद्यावर विचित्र चिन्हांत दिसतात.

उत्तर : त्या चिन्हांत डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी 'ए' वारंवार दिसत असेल, तर निदान पक्के समजावे. 'म' हे अक्षर यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत तीन बाइटांत बसते. आपला सर्व्हर यूटीएफ-८ बाइट देतो, पण ओआरबीला ते पश्चिम युरोपीय लॅटिन-१ अक्षरे आहेत असे वाटते, म्हणून एका 'म'ची तीन चिन्हे होतात. घाईने आयडीएलमधला 'स्ट्रिंग' (साधी अक्षरमाला) बदलून 'डब्ल्यूस्ट्रिंग' (रुंद अक्षरांची माला) करू नये, त्याने सगळे ग्राहक-प्रोग्रॅम बदलावे लागतील. आधी सर्व्हरच्या ओआरबीला आपला अक्षरसंच यूटीएफ-८ आहे हे सेटिंगमधून सांगावे. ओम्निओआरबीत त्यासाठी 'नेटिव्ह कॅर कोडसेट' हा पर्याय आहे. अक्षरसंचाची माहिती आयओआरमधून ग्राहकाकडे जाते, त्यामुळे इथेही नवा आयओआर लागेल. नुसते यंत्राचे नाव आणि पोर्ट देऊन बनवलेल्या कॉर्बालॉक पत्त्यात ही माहिती नसते. तसा पत्ता वापरत असाल, तर तो सोडून नेमिंग सर्व्हिसकडून संदर्भ घ्यावा आणि 'मालेगाव' हे एकच नाव पाठवून पाहावे.