लिहिलेले पुसले गेले, आता विचारायचे कोणाला?

मराठी विकिपीडियावर लिहू पाहणाऱ्या वाचकांची पत्रे या सदराकडे अधूनमधून येत असतात. १ मे २००३ रोजी, म्हणजे महाराष्ट्रदिनी, सुरू झालेला हा ज्ञानकोश कोणीही वाचावा आणि कोणीही सुधारावा अशा बेताने उभारलेला आहे. पण जेथे कोणीही लिहू शकते, तेथे अडल्यावर नेमके कोणाचे दार ठोठवावे, हे नवख्या माणसाला चटकन उमगत नाही. आलेल्या पत्रांपैकी पाच प्रश्न या अंकासाठी निवडले आहेत.

प्रश्न : मी प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका आहे. आमच्या गावावरील लेखात जेमतेम दोन ओळी होत्या. मी आठ दिवस खपून गावाचा इतिहास, ग्रामदैवताची माहिती आणि गावातील गुणवंतांची नावे लिहिली. दुसऱ्या दिवशी पाहते तो पुन्हा त्याच दोन ओळी. हे कोणी केले आणि दाद कोणाकडे मागावी? सोबत माझा मजकूर जोडला आहे. (एक शिक्षिका, सातारा जिल्हा)

उत्तर : बाई, आधी एक दिलासा. आपण लिहिलेले नष्ट झालेले नाही. लेखाच्या माथ्यावर इतिहासाचा दुवा असतो, तो उघडल्यास त्या पानावर आजवर झालेला प्रत्येक बदल तारीख, वेळ आणि बदल करणाऱ्याच्या नावासह एकाखाली एक दिसतो. त्यातील आपल्या नावापुढची तारीख दाबली की आपला संपूर्ण मजकूर जसाच्या तसा समोर येतो. तो प्रथम उतरवून आपल्याजवळ ठेवावा.

त्यानंतर आपल्या ओळीच्या वरची ओळ वाचावी. मजकूर काढणाऱ्याने तेथे बहुधा दोन-चार शब्दांत कारण दिलेले असते, ‘संदर्भ नाहीत’ किंवा ‘अविश्वकोशीय मजकूर’ अशा धर्तीचे. हे शब्द तुटक वाटतात, कारण लिहिणाऱ्याने त्या दिवशी असे वीस-पंचवीस बदल तपासलेले असू शकतात. त्यात आपल्याविषयी राग असतोच असे नाही. क्वचित ते नाव माणसाचे नसून सांगकाम्याचे, म्हणजे ठरावीक कामे आपोआप उरकणाऱ्या आज्ञावलीचे असते. सांगकाम्याशी वाद घालता येत नाही, परंतु तो चालवणाऱ्या सदस्याचे नाव त्याच्या पानावर दिलेले असते आणि त्याला जरूर विचारता येते.

दाद मागण्याची पहिली जागा म्हणजे त्या लेखाचे चर्चापान आणि दुसरी म्हणजे मजकूर काढणाऱ्या सदस्याचे चर्चापान. प्रचालकांकडे थेट धाव घेण्याची गरज सहसा पडत नाही; प्रचालक हे येथील न्यायाधीश नव्हेत, पाने काढणे, सुरक्षित करणे यांसारखे काही जादा अधिकार सोपवलेले ते स्वयंसेवकच आहेत. मात्र एक पथ्य पाळावे. तोच मजकूर पुन्हा चढवू नये. आपण चढवायचे आणि समोरच्याने उतरवायचे असे दोन-तीनदा झाले की चर्चा गावाविषयी उरत नाही, ती आपल्या वर्तनाविषयी होऊन बसते.

आता मजकुराकडे वळतो. आपण पाठवलेल्या पानातील एकच वाक्य घेऊ : ‘निसर्गाच्या कुशीत वसलेल्या आमच्या गावाचे ग्रामदैवत श्री भैरवनाथ हे अत्यंत जागृत दैवत असून ते नवसाला पावते, अशी त्याची ख्याती सर्वदूर पसरलेली आहे.’ शाळेच्या स्मरणिकेत हे वाक्य शोभून दिसेल. ज्ञानकोशात मात्र ‘आमच्या’ हा शब्द चालत नाही, कारण लेख कोणा एकाचा नसतो. ‘निसर्गाच्या कुशीत’ असे महाराष्ट्रातील निम्म्या गावांविषयी म्हणता येईल, म्हणून त्यातून काहीच कळत नाही. आणि दैवत जागृत आहे की नाही, हे पडताळून पाहण्याचे साधन वाचकाकडे नसते. त्याऐवजी ‘गावात भैरवनाथाचे मंदिर आहे. चैत्र महिन्यात तेथे यात्रा भरते.’ एवढेच लिहावे आणि दुसऱ्या वाक्याच्या शेवटी ही माहिती ज्या छापील पुस्तकात वा वर्तमानपत्रात आली असेल त्याचे नाव, वर्ष आणि पृष्ठ क्रमांक द्यावा. नवसाची श्रद्धा एखाद्या अभ्यासकाने नोंदवली असेल, तर ‘अशी ग्रामस्थांची श्रद्धा आहे’ या शब्दांत तीही देता येते.

संदर्भ कोठून आणावेत, हा आपला पुढचा प्रश्न असणार. सातारा जिल्ह्यापुरते बोलायचे तर मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा १९ वा खंड १८८५ साली प्रसिद्ध झालेला आहे आणि त्यात जिल्ह्यातील बऱ्याच गावांच्या, देवळांच्या व बाजारांच्या नोंदी आढळतात. लोकसंख्या, घरांची संख्या आणि गावातील सोयी यांसाठी २०११ च्या जनगणनेची जिल्हा पुस्तिका पाहावी. गुणवंतांची यादी मात्र वगळावी हे बरे, कारण हयात असलेल्या सामान्य माणसांची नावे त्यांना न विचारता जगापुढे मांडण्याचे प्रयोजन नाही.

आपल्या मजकुरातील उत्तम भाग, म्हणजे गावातील वृद्धांनी सांगितलेली पाणवठ्याची हकीकत, या नियमात बसत नाही याचे मला मनापासून वाईट वाटते. आपल्याकडे गावांचा बराचसा इतिहास जुन्या माणसांच्या तोंडीच आहे, आणि तोंडी माहिती येथे संदर्भ म्हणून चालत नाही. ती हकीकत आधी एखाद्या इतिहासविषयक नियतकालिकाकडे लेख म्हणून पाठवावी. संपादकांनी पारखून छापलेल्या लेखाचा संदर्भ दुसऱ्या कोणालाही विकिपीडियावर देता येईल.

प्रश्न : विकिपीडियाच्या चावडीवर, म्हणजे सर्वांच्या सामाईक चर्चेच्या पानावर, प्रश्न विचारून चार दिवस झाले, कोणी उत्तर दिले नाही. नवीन माणसाला तेथे कोणी विचारत नाही का? (एक महाविद्यालयीन विद्यार्थी, नांदेड)

उत्तर : विचारतात, पण विचारणारे मूठभर आहेत आणि तेही नोकरी-धंदा सांभाळून येतात. चार दिवस म्हणजे फार झाले असे नाही. आपला प्रश्न मी तेथे जाऊन पाहिला. ‘माझा लेख का उडवला? कृपया त्वरित परत आणा’ इतकेच आपण लिहिले आहे. कोणता लेख, कधी लिहिला, कोणत्या नावाने प्रवेश केला होता, यांपैकी काहीच त्यात नाही आणि खाली सहीही नाही. उत्तर द्यावे असे ज्याच्या मनात येईल, त्याने शोधायचे तरी कोठे?

‘अमुक तारखेला मी तमुक नावाचा लेख लिहिला. तो आता दिसत नाही. त्याला दोन वर्तमानपत्रांचे संदर्भ दिले होते. काय कमी पडले ते सांगावे, म्हणजे मी दुरुस्त करीन’ असे लिहून लेखाच्या नावाभोवती दुहेरी चौकटी कंस घालावेत, म्हणजे त्याचा दुवा तयार होतो. शेवटी चार टिल्ड, म्हणजे ~~~~ ही चिन्हे, ओळीने टाकावीत. पान जतन होताच त्यांच्या जागी आपले सदस्यनाव आणि वेळ आपोआप उमटते. ही सही फक्त चर्चेच्या पानांवर करायची असते. मी स्वतः नवखा असताना एका किल्ल्याच्या लेखातच या चार टिल्ड टाकल्या होत्या आणि शिवकालाच्या वर्णनाखाली माझे नाव, तारखेसह, दोन दिवस किल्लेदाराच्या थाटात झळकत राहिले.

चावडीवर उत्तर न मिळाल्यास त्याच विषयावरील एखाद्या चांगल्या लेखाचा इतिहास उघडावा, त्यात अलीकडे कोणी काम केले आहे ते पाहावे आणि त्या सदस्याच्या चर्चापानावर विचारावे. ज्याला त्या विषयात रस आहे, तो सहसा उत्तर देतोच. सराव करून पाहायचा असेल तर धूळपाटी आहेच. तेथे काहीही बिघडवले तरी कोणाचे काही बिघडत नाही.

प्रश्न : मराठी विश्वकोशात उत्तमोत्तम नोंदी आहेत. त्या ‘सौजन्य : मराठी विश्वकोश’ असे लिहून विकिपीडियावर घेतल्या तर मराठीचेच भले होईल. मग अशी पाने का काढली जातात? (एक ग्रंथपाल, धुळे)

उत्तर : आपला हेतू चांगला आहे, परंतु सौजन्याचा उल्लेख म्हणजे परवानगी नव्हे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या पुढाकाराने वाई येथे उभा राहिलेला विश्वकोश वाचण्यास सर्वांना मोकळा असला, तरी त्याच्या मजकुरावर स्वामित्वहक्क आहे. विकिपीडियावरील मजकूर याहून निराळ्या अटीवर दिला जातो : श्रेय द्या, त्याच अटी पुढे चालू ठेवा, मग तो कोणीही, अगदी पैसे मिळवण्यासाठीसुद्धा, वापरावा. दुसऱ्याच्या मालकीची वस्तू आपण अशा अटीवर वाटू शकत नाही, म्हणून अशी पाने चर्चेची वाट न पाहताही काढली जातात.

भारतातील १९५७ च्या कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून पुढे ६० वर्षे त्याच्या साहित्यावर हक्क राहतो. महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे संपादक डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर १९३७ साली निवर्तले, त्यामुळे त्यांच्या स्वतःच्या लेखनावरील हक्क केव्हाच संपला आहे. पंडित महादेवशास्त्री जोशी यांचे निधन १९९२ मधील, तेव्हा भारतीय संस्कृतिकोशातील त्यांचा मजकूर उतरवून घेण्यासाठी २०५३ साल उजाडावे लागेल. आपण ग्रंथपाल असल्याने हे गणित आपल्याला नित्य उपयोगी पडेल.

अर्थात केतकरांचा ज्ञानकोश मोकळा झाला म्हणून त्याची पानेच्या पाने चिकटवावीत, असे मी सुचवणार नाही. त्यातील लोकसंख्येचे आकडे शंभर वर्षांपूर्वीचे आहेत, राज्यांच्या सीमा बदलल्या आहेत, आणि जातीजमातींविषयीची काही विधाने आज कोणीही जबाबदार माणूस संदर्भावाचून लिहिणार नाही. स्वामित्वहक्क शब्दरचनेवर असतो, तथ्यांवर नसतो, ही गोष्ट ध्यानात घेतली तर मार्ग सोपा आहे. विश्वकोशातील नोंद वाचावी, पुस्तक मिटावे, आपल्या शब्दांत लिहावे आणि संदर्भ म्हणून त्या नोंदीचे नाव द्यावे. शब्द इकडचे तिकडे करून तेच वाक्य पुढे ढकलणे हा मार्ग नव्हे. जाणत्या डोळ्याला ते लगेच दिसते.

इंग्रजी विकिपीडियावरून भाषांतर करण्यास मात्र पूर्ण मुभा आहे, फक्त बदल जतन करताना मूळ लेखाचे नाव सारांशाच्या चौकटीत नोंदवावे. यंत्राने केलेले भाषांतर न वाचता चढवू नये, एवढी विनंती. एका चरित्रलेखात ‘त्यांच्यामागे दोन मुले आहेत’ याऐवजी ‘त्यांना दोन मुलांनी वाचवले’ असे मी वाचले आहे, तेही निधनाच्या परिच्छेदात.

प्रश्न : मी लिहिलेल्या लेखात ‘ॲल्युमिनिअम’चा दुवा लाल दिसतो, म्हणजे पान नाही असे समजायचे, पण तसे पान तर आहे. शिवाय माझ्या संगणकावर मराठी टंक नाही. काय करावे? (एक वाचक, न्यू जर्सी)

उत्तर : दुसऱ्याचे आधी सांगतो. विकिपीडियाच्या लिहिण्याच्या चौकटीतच मराठी टंकनाची सोय आहे. चौकटीत कर्सर नेला की कोपऱ्यात कळफलकाचे चिन्ह येते, त्यातून अक्षरांतरण (रोमन अक्षरांत लिहिलेले देवनागरीत उमटवणारी पद्धत) किंवा इन्स्क्रिप्ट (भारतीय भाषांसाठीचा प्रमाण कळफलक) निवडावे. कंट्रोल आणि एम ही बटणे एकदम दाबली की मराठी व इंग्रजी यांत ये-जा करता येते.

पहिला प्रश्न डोळ्यांना न दिसणारा आहे. ‘अॅ’ हे अक्षर संगणकावर एकाहून अधिक प्रकारे साठवले जाते. कोठे ते एकच स्वतंत्र अक्षर असते, तर कोठे ‘अ’ आणि त्यावरील चंद्र ही दोन वेगळी चिन्हे असतात, कधी त्यांच्यामध्ये एक अदृश्य जोडचिन्हही असते. आपल्याला सगळी सारखीच दिसतात; संगणकाला ती निरनिराळी नावे वाटतात. ‘पायऱ्या’, ‘दऱ्या’ यांतील अर्ध्या र बाबतही असाच घोळ होतो. शिवाय ‘ॲल्युमिनियम’ की ‘ॲल्युमिनिअम’ हा लेखनाचा प्रश्न आहेच. असलेल्या पानाचे शीर्षक तेथूनच उतरवून दुव्यात घालावे, आणि दुसऱ्या लेखनाच्या नावाने पुनर्निर्देशनाचे, म्हणजे वाचकाला मूळ पानाकडे वळवणारे, पान करून ठेवावे, म्हणजे पुढचा लेखक त्याच दगडाला ठेचकाळणार नाही. नवा लेख सुरू करण्यापूर्वी शीर्षक दोन-तीन प्रकारे लिहून शोधण्याची सवय लावावी; नाहीतर एकाच विषयावर दोन लेख उभे राहतात आणि ते एकत्र करण्याचे कंटाळवाणे काम दुसऱ्याच्या गळ्यात पडते.

प्रश्न : माझे आजोबा शाहीर होते. त्यांच्यावर मी लिहिलेल्या पानाला ‘उल्लेखनीयता’ नाही, असा शेरा मिळाला. हा त्यांचा अपमान नाही का? (एक नात, कोल्हापूर)

उत्तर : तो शब्द आजोबांच्या योग्यतेविषयी नाही, त्यांच्याविषयी इतरांनी काय लिहून ठेवले आहे त्याविषयी आहे. शब्द बोचरा आहे हे मात्र मान्य. कुटुंबाबाहेरच्या लेखकांनी पुस्तकांत वा वर्तमानपत्रांत त्यांच्यावर केवळ नामोल्लेख न करता काही लिहिले असेल, तर त्या कात्रणांची यादी तारखांसह त्या लेखाच्या चर्चापानावर द्यावी, पानच काढले गेले असल्यास ती चावडीवर द्यावी, आणि आपण त्यांची नात आहात हेही तेथे मोकळेपणाने सांगावे. लेख दुसऱ्या कोणीतरी लिहिणे उत्तम. कार्यक्रमात डफ हाती घेतलेले त्यांचे छायाचित्र आपण स्वतः काढलेले असेल, तर विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या चित्रांच्या मुक्त भांडारात, ते आपल्या नावाने आजच चढवता येईल. ते इतर कोणी, समजा गावातील स्टुडिओवाल्याने, काढलेले असेल, तर आधी त्याची लेखी संमती घ्यावी लागेल.