हिरड्यांतून रक्त येतंय आणि स्टेंट टाकलाय, क्लिनिंग करायचं का?

प्रश्न : डॉक्टर मॅडम, आम्ही नाशिकला सिडकोत राहतो. माझे अण्णा ६३ वर्षांचे, आठ महिन्यांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट आहे. शुगर पण आहे. ब्रश केला की रक्त येतं, तोंडाला वास येतो. डेंटिस्ट म्हणतात डीप क्लिनिंग (हिरडीच्या आतपर्यंत साफ करणं) लागेल, तीन-चारदा यावं लागेल. काका म्हणतात रक्त पातळ करायच्या गोळ्या आठवडाभर बंद केल्याशिवाय दाताला हात लावू देऊ नका, मामा म्हणतात हिरड्या साफ केल्या की अटॅक परत येत नाही, आणि अण्णांचं म्हणणं की क्लिनिंगने दात हलायला लागतात. कोणाचं ऐकू?

उत्तर : क्लिनिंग करा, पण गोळ्या बंद न करता. काकांची काळजी कळते मला, पण स्टेंट नवीन असताना मनानेच गोळ्या थांबवल्या तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते आणि ते जिवावर बेततं. हिरडीतून येणारं रक्त मात्र कापूस दाबून धरला की थांबतं, आणि म्हणूनच डेंटिस्ट एकदम सगळं तोंड न करता थोडं थोडं करतात. पहिल्या दिवशीच अँजिओप्लास्टीची फाइल आणि गोळ्यांची चिठ्ठी त्यांच्या हातात द्या, आणि कार्डिओलॉजिस्टना पण एक फोन करा. अँटिबायोटिकचं कोणी म्हणालं तर, नुसत्या स्टेंटसाठी आधी डोस घ्यावा लागत नाही. हृदयात कृत्रिम झडप बसवली असेल तर लागतो.

आता मामांचं. ते अर्धं खरं आहे. हिरडी आणि दात यांच्यामध्ये निरोगी माणसात १ ते ३ मिलिमीटरची फट असते, आजारात ती ४ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त होते आणि आत जंतूंची वस्ती होते. चावताना, ब्रश करताना त्यातले काही रक्तात जातात, रक्तवाहिन्यांच्या आतल्या चरबीच्या थरातही हे तोंडातले जंतू सापडलेत. शिवाय कुठेही सतत सूज असली की लिव्हर सीआरपी नावाचं प्रोटीन जास्त बनवतं, आणि ही धुमसती सूज रक्तवाहिन्यांना बरी नाही. स्वीडनमध्ये पहिला अटॅक आलेले ८०५ जण आणि तेवढेच अटॅक न आलेले लोक तपासले, तर हिरड्यांचा आजार अटॅकवाल्यांमध्ये जास्त निघाला, सिगरेट, शुगर वगैरे हिशोबात धरूनही. २००७ मध्ये १२० पेशंटवर झालेल्या अभ्यासात तर डीप क्लिनिंगनंतर दुसऱ्या दिवशी रक्तवाहिन्यांचं काम थोडं बिघडलं होतं, पण सहा महिन्यांनी ते नेहमीचं साधं क्लिनिंग केलेल्यांपेक्षा चांगलं झालं होतं.

पण रक्तवाहिनी सुधारली म्हणजे अटॅक टळला असं नाही होत. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१२ मध्ये हेच सांगितलं की दोन्हींचा संबंध आहे, पण हिरड्यांच्या उपचारांनी हृदयरोग टळतो असा पुरावा नाही. त्यामुळे क्लिनिंग झालं म्हणून अण्णांची एकही गोळी कमी करू नका प्लीज, हे मी मुद्दाम सांगतेय, कारण लोक करतात.

मग करायचं कशाला? दात वाचावेत म्हणून, नीट चावून खाता यावं म्हणून. आणि शुगरसाठी! हिरड्यांच्या चांगल्या उपचारांनंतर तीन-चार महिन्यांत एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी तपासणी) साधारण ०.३ ते ०.४ टक्क्यांनी खाली येतं, म्हणजे ७.८ असेल तर ७.४-७.५ होतं, आणि शुगर ताब्यात राहणं हृदयाच्या फायद्याचंच आहे. अण्णांना सांगा, दात क्लिनिंगने हलत नाहीत, हाड आधीच झिजलेलं असतं आणि किटणाने दात एकमेकांना धरून ठेवलेले असतात, ते निघालं की खरी परिस्थिती कळते. खर्चाचं टेन्शन असेल तर पंचवटीत डेंटल कॉलेज आहे, तिथे दाखवा.

अजून एक, बीपीसाठी अम्लोडिपिन चालू आहे का बघा. त्या गोळीने काहींच्या हिरड्या वाढतात. तसं वाटलं तर कार्डिओलॉजिस्टना विचारा, ते गोळी बदलू शकतात.

प्रश्न : माझी आई ५८ वर्षांची, कित्येक वर्षं मिश्री लावते. रक्त कधीच येत नाही, म्हणजे हिरड्या चांगल्याच ना? हल्ली पांडवलेणीच्या पायऱ्या चढताना खालच्या डाव्या जबड्यात दुखतं, थांबलं की कमी होतं. कुठला दात असेल?

उत्तर : ताई, आधी दाताकडे नका जाऊ. चढताना दुखणं आणि थांबल्यावर कमी होणं हे हृदयाचं दुखणं असू शकतं, ते जबड्यातही जाणवतं, छातीत दुखलंच पाहिजे असं नाही. आजच्या आज फिजिशियनकडे नेऊन ईसीजी काढा, आणि बसल्या जागी दुखायला लागलं किंवा घाम फुटला तर वाट न बघता १०८ ला फोन करा. मिश्री म्हणजे तंबाखूच, ती हिरड्या आणि हृदय दोन्हींना घातक, आणि तंबाखूमुळे आजार असूनही रक्त कमी दिसू शकतं. हिरड्यांची तपासणी हृदयाचं निदान झाल्यावर करू, तोवर मिश्रीचा डबा घरातून काढून टाका.