शंकासमाधान : हवेवर उभा राहणारा, सुटा करता येणारा तंबू

बांबू-वासे न लागणारा, हवेने फुगवायचा तंबू स्वतः शिवून घेऊ पाहणाऱ्या वाचकांची बरीच पत्रं आली आहेत. घुमटाचा प्रश्न सोडून बाकी उत्तरांसाठी एकच नमुना धरला आहे : ४ मीटर रुंद, ६ मीटर लांब, दर २ मीटरला एक अशा चार अर्धगोल कमानी. कमानीच्या नळीचा व्यास २५ सें.मी. आणि आतला दाब २५ किलोपास्कल, म्हणजे साधारण साडेतीन पीएसआय.

प्रश्न : फिरत्या आरोग्य शिबिरासाठी तंबू हवा आहे. कमानी, छत, भिंती सगळं एकसंध जोडून एकाच ठिकाणाहून हवा भरायची, असं कारागिराचं म्हणणं आहे. ते बरोबर आहे का? (नंदुरबार)

पहिल्या दिवशी ते सोयीचं वाटेल. पण नमुन्याच्या तंबूला जमिनीसकट सुमारे ९५ चौरस मीटर कापड लागतं. चौरस मीटरला ६५० ग्रॅमची पीव्हीसी ताडपत्री वापरली तर ६० किलोचं एकच गाठोडं होतं. ते उचलायला चार माणसं लागतात आणि धुवायला अंगण. शिवाय सगळ्या कमानींची हवा एकमेकींत खेळत असेल, तर एका काट्याने सगळा तंबू बसतो. आत रुग्ण असताना हे चालणार नाही.

आमचा आग्रह एकाच गोष्टीचा आहे : जो सांधा सुटा होतो, त्याच सांध्यावर हवा अडवायचं काम टाकू नका. प्रत्येक कमान स्वतंत्र, तिची हवा तिच्यापुरती. छत, भिंती आणि जमीन हे भाग हवेचे नाहीतच; ते नुसते अडकवायचे. १९७० च्या ओसाका जागतिक प्रदर्शनात जपानी वास्तुविशारद युताका मुराता यांनी उभारलेलं फुजी दालन याच रीतीचं होतं. ४ मीटर व्यासाच्या १६ फुगीर कमानी शेजारीशेजारी उभ्या करून पट्ट्यांनी बांधल्या होत्या.

भाग सुटे ठेवल्याचा आणखी एक फायदा म्हणजे प्रत्येक भागाला त्याच्या कामापुरतं कापड देता येतं. ६५० ग्रॅमचं कापड कमानीला लागतं, छताला ३५० ग्रॅमचंही पुरतं. छत मग २५ किलोंऐवजी १३ किलोंचं होतं आणि एक कमान ब्लॅडरसकट (आतल्या हवेच्या पिशवीसकट) ५ किलोंच्या आसपास राहते.

कमान दोन थरांची करा. आत हवा धरणारा टीपीयूचा (लवचीक प्लॅस्टिकचा) ब्लॅडर आणि बाहेर ताण घेणारी ताडपत्रीची खोळ. ब्लॅडर खोळीपेक्षा घेरात आणि लांबीत ३ ते ४ टक्के मोठा हवा. तो लहान असेल तर खोळ ताणली जायच्या आधी ब्लॅडरच ताणला जातो आणि आठवड्याभरात वेल्डपाशी, म्हणजे उष्णतेने चिकटवलेल्या सांध्यापाशी, फाटतो. चूक इथेच सर्वांत जास्त होते, कारण दोन्ही एकाच पॅटर्नवर कापायचा मोह होतो.

ब्लॅडर बदलण्यासाठी खोळीला झिप लागते. ती नळीच्या लांबीने लावू नका, घेराने लावा. फुगलेल्या नळीत लांबीच्या शिवणीवर येणारा ताण घेराच्या शिवणीच्या दुप्पट असतो. आपल्या नळीत लांबीच्या शिवणीला मीटरमागे सुमारे ३२० किलोची ओढ बसते, घेराच्या शिवणीला १६० किलोची. म्हणून पायापासून ३० सें.मी. वर, आडवी, ६० सें.मी. लांबीची दहा नंबरची झिप लावा. तिच्या आतून १० सें.मी.ची कापडी पट्टी हवी, नाहीतर झिपचे दात ब्लॅडरला चावतात. बाहेरून बकलचे दोन पट्टे लावा, म्हणजे झिपचा भार पट्टे घेतील. व्हॉल्व्ह झिपच्या जवळच बसवा. ब्लॅडर आत घालताना त्याला टाल्कम पावडर लावून, टोकाला दोरी बांधून, परकराची नाडी ओवतो तसा ओढून घ्यायचा. पीळ पडला असेल तर फुगताना तो जागच्या जागी अडकतो. म्हणून ब्लॅडरवर लांबीने एक रंगीत रेघ मारून ठेवा. ती रेघ झिपमधून आणि व्हॉल्व्हच्या भोकातून एकाच बाजूला दिसली पाहिजे.

प्रश्न : शिवून घेतलेली कमान वाऱ्यात कमरेत मोडते. दाब वाढवून बघावा का? (सांगली)

आधी कमान कशी कापली आहे ते बघा. सरळ नळी शिवून ती ओढून वाकवली असेल तर ती मोडणारच. २ मीटर त्रिज्येच्या कमानीत नळीची बाहेरची कड ६.६८ मीटर येते आणि आतली ५.८९. हा ७९ सें.मी.चा फरक कापडातच कापलेला हवा. कमानीचे १२ तुकडे करा. प्रत्येक तुकडा बाहेरच्या कडेला ५५.६ सें.मी. आणि आतल्या कडेला ४९.१ सें.मी. अशी तिरकी कापणी केली, की फुगल्यावर कमान आपणहून गोल होते, तिला ओढावं लागत नाही.

कापणी बरोबर असूनही मोडत असेल तर नळी जाड करा, दाब वाढवू नका. नळीची वाक सोसण्याची ताकद दाबाच्या पटीत वाढते, पण त्रिज्येच्या घनाच्या पटीत वाढते. २५ सें.मी.ची नळी २५ किलोपास्कलला सुमारे ७७ न्यूटन-मीटरला सुरकुतायला लागते. म्हणजे एक टोक घट्ट धरून मीटरभर पुढे पावणेआठ किलो टांगले तर धरलेल्या जागी पहिली सुरकुती दिसते. सुरकुती म्हणजे लगेच मोडणं नव्हे. पूर्ण दुमडायला साधारण दुप्पट भार लागतो. तीच नळी ३० सें.मी.ची केली तर हा आकडा १३० च्या वर जातो आणि शिवणीवरचा ताण फक्त पाचव्या हिश्शाने वाढतो. एवढीच ताकद दाबाने मिळवायला गेलात तर शिवणीवर पाऊणपट जादा ओढ येईल.

प्रश्न : सकाळी ठाकठीक असलेली नळी दुपारी शिवणीतून सुटली. कापड हलकं निघालं का? (जळगाव)

कापडाला दोष देण्याआधी हिशेब करा. बंद नळीत २५ अंशांना २५ किलोपास्कल भरले आणि उन्हात आतली हवा ५५ अंशांवर गेली, तर दाब ३७-३८ वर जातो. दर अंशाला साधारण ०.४ किलोपास्कल. म्हणजे दीडपट ताण, आणि तोही नेमका पीव्हीसी मऊ पडलेलं असताना. गडद रंगाच्या नळीत याहून वाईट अवस्था होते. कमानी पांढऱ्या किंवा फिक्या रंगाच्याच घ्या. प्रत्येक कमानीला ३० किलोपास्कलला सुटणारा सेफ्टी व्हॉल्व्ह लावा. तो दुपारी हवा सोडेल, म्हणून पहाटे नळी ढिली पडलेली दिसेल. ती गळती नव्हे. रोज सकाळी गेज लावून पुन्हा भरणं हा कामाचाच भाग आहे.

तरीही वेल्ड तपासाच. त्याच कापडाचे दोन तुकडे ३ सें.मी. एकमेकांवर घेऊन त्याच मशीनवर, त्याच वेगाने जोडा, पूर्ण थंड होऊ द्या आणि हाताने उकला. कापडाचे धागे उघडे पडले आणि लेप दुसऱ्या तुकड्याला चिकटून आला तर वेल्ड पक्का. दोन्ही पृष्ठभाग गुळगुळीत सुटे झाले तर वेल्ड थंड राहिला आहे : वेग कमी करा किंवा उष्णता वाढवा. बरोबर वेल्ड होताना सांध्याच्या कडेला वितळलेल्या पीव्हीसीची बारीक रेघ डोकावते. तपकिरी डाग आणि नाकाला झोंबणारा धूर आला तर कापड जळतं आहे. त्या धुरात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं, तेव्हा बंद खोलीत हे काम कुणालाही करायला लावू नका.

शिवणीची रचनाही महत्त्वाची. दोन कडा एकत्र धरून उभ्या जोडल्या की दाबाने त्या उकलत जातात. कडा एकमेकींवर आडव्या चढवल्या की तीच शिवण कितीतरी जास्त सोसते.

प्रश्न : भिंती अदलाबदल करता येतील अशा हव्यात, पण झिप जुळत नाहीत. (कोल्हापूर)

कापड ताणून झिप शिवली गेली आहे. शिवण्याआधी झिपच्या दोन्ही पट्ट्यांवर आणि कापडावर दर २५ सें.मी.ला खूण करा आणि खूण खुणेवर बसवतच टाका घाला. झिप एकाच कंपनीची, एकाच नंबरची आणि सगळ्या भिंतींना खिट्टीची बाजू एकच. झिपवर ८ सें.मी.ची झाकणपट्टी, तोंड खाली, म्हणजे पाऊस आत येत नाही. छत कमानीला अडकवायला झिप नको. दर ३० सें.मी.ला फासा आणि लाकडी गुंडी ठेवा. एक तुटली तरी बाकीच्या धरतात. वेल्क्रो फक्त जमिनीच्या कडेला, आणि तोही ओढ पट्टीला समांतर येईल असा. एका टोकाने उचलला की तो लगेच सुटतो.

प्रश्न : सिमेंटच्या मैदानावर मेखा ठोकता येत नाहीत. वाळूच्या किती गोण्या लागतील? (पनवेल)

लोक समजतात त्याहून पुष्कळ. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ३६ किलोमीटरला तो चौरस मीटरला ६० न्यूटन असतो, ५४ ला १३५. नमुन्याच्या तंबूवर ३६ च्या वाऱ्यात सुमारे ७८ किलोची आडवी ढकल आणि ११५ ते १२० किलोची वरची उचल धरून चाला. उचलीइतकं वजन तर हवंच. शिवाय गोणी सिमेंटवर घसरते. घर्षण ०.४ धरलं तर ७८ किलोची ढकल अडवायला आणखी १९५ किलो लागतात. एकूण ३१२, त्यावर दीडपट सुरक्षा म्हणजे ४७० किलो. आठ पायांना विभागून प्रत्येकी ६० किलो, म्हणजे ३० किलोच्या दोन गोण्या. वारा ५४ वर गेला तर हाच आकडा हजार किलोच्या वर जातो. तेव्हा ताशी ३८ किलोमीटरच्या वर माणसं बाहेर काढा आणि तंबू खाली घ्या. युरोपात मुलांच्या उड्या मारायच्या हवेच्या खेळण्यांसाठी असलेल्या मानकात हीच मर्यादा आहे. वळवाच्या दिवसांत ढग दाटले की वारा मोजत बसू नका, तंबू उतरवा.

मातीचं मैदान मिळालं तर त्याच मानकातली मेख वापरा : किमान ३८ सें.मी. लांब, १६ मि.मी. जाड, डोकं गोल. मुरमात ती घट्ट बसते, ओल्या काळ्या मातीत हाताने उपटते. तिथे दुप्पट लांबीची घ्या. पट्टा कमानीच्या पायाला एक आणि मधल्या उंचीवर एक असा दोन ठिकाणी हवा.

प्रश्न : शाळेसाठी ५ मीटरचा तारांगणाचा घुमट शिवायचा आहे. पाकळ्या कशा कापायच्या? (वाई)

घुमटाची रीत वेगळी आहे. यात नळ्या नसतात; पंखा घुमटाच्या पोकळीतच हवा भरतो आणि दाब २५ पास्कल, म्हणजे नमुन्याच्या कमानीच्या हजारावा हिस्सा, एवढाच असतो.

१६ पाकळ्या घ्या. प्रत्येकीची उंची ३९३ सें.मी. पायथ्याला रुंदी ९८.२ सें.मी.; पायथ्यापासून १३१ सें.मी. वर ८५, १९६ वर ६९.४, २६२ वर ४९.१, ३२७ वर २५.४. जाड कागदावर या खुणा करून बांबूची कामटी वाकवून रेघ मारा आणि मग दोन्ही बाजूंना २ सें.मी. शिवणीसाठी सोडा. माथ्यावर १६ टोकं एकत्र शिवू नका, गाठ होते. शेवटचे २२ सें.मी. कापून तिथे ५० सें.मी. व्यासाचं गोल ठिगळ लावा. प्रत्येक शिवणीत ५ मि.मी. चुकलं तरी घेर ८ सें.मी.ने बदलतो आणि चित्र पडद्यावर लाटांसारखं दिसतं.

पायथ्याला आत वळणारा ६० सें.मी.चा पदर ठेवा, मुलं त्यावर बसतात. २५ पास्कललाही घुमटाला ५० किलोची उचल असते. आत शिरायचा बोगदा झिपने सुटा करा, पण त्याच्या समोरच्या बाजूला मीटर-सव्वा मीटर रुंद, फक्त वेल्क्रोने बंद होणारी दुसरी वाट हवीच. वीज गेली आणि अंधार झाला की मुलाला झिप सापडत नाही. वेल्क्रो धक्क्याने उघडतो.

हवा बाहेर जायला वाट ठेवायला लोक विसरतात, आणि या प्रश्नात आम्हाला सर्वांत काळजी त्याचीच वाटते. माणशी सेकंदाला ८ लिटर धरली तर २५ मुलं आणि एक शिक्षक यांना तासाला ७५० घनमीटर ताजी हवा लागते. घुमटात मावते जेमतेम ३३ घनमीटर. म्हणजे आतली हवा दर अडीच-तीन मिनिटांनी पूर्ण बदलली पाहिजे. त्यासाठी पंख्याच्या समोरच्या बाजूला २५ सें.मी. व्यासाची, नाडीने कमी-जास्त करता येणारी काळ्या कापडाची बाही शिवा आणि तिला एक वळण द्या, म्हणजे उजेड आत येत नाही. घुमट ढिला पडला तर बाही आवळू नका, मोठा पंखा लावा.