संपूर्ण ॲपचा मजकूर गोलसर सॅन्स सेरिफ (अक्षरांच्या टोकांना जादा रेघोट्या नसलेल्या) फॉन्टमध्ये ठेवला तर चालेल का?

बटणं, शीर्षकं, मेन्यू आणि मोठे आकडे यांना बिनधास्त वापरा. सलग वाचायच्या परिच्छेदांसाठी मात्र त्याच उंचीचा साधा सॅन्स घ्या. या फॉन्टची सगळी ओळख रेषेच्या गोल टोकांत असते. 12-13 पिक्सेलला ती टोकं दिसतच नाहीत, फक्त अक्षराची कड किंचित धूसर वाटते. शिवाय गोल टोक सपाट टोकापेक्षा आखूड भासतं, म्हणून चांगल्या फॉन्टमध्ये रेषा जरा लांबवलेली असते. साध्या फॉन्टला जाड आउटलाइन देऊन घरगुती गोलाई आणली की असे बारकावे राहून जातात: बाहेरचे कोपरे गोल होतात, आतले टोकदारच राहतात आणि ‘ष’, ‘क्ष’मधल्या पोकळ्या बुजतात. फारच गरज असेल तर लाइट वजनावर (म्हणजे बारीक रेषेच्या अक्षरांवर) करा, बोल्डवर नको. 1979 साली फोक्सवॅगनसाठी आलेला व्हीएजी राउंडेड या घराण्यातला नावाजलेला नमुना, पण त्यात देवनागरी नाही. बालू 2 या गोलसर फॉन्टमध्ये आहे, 400 ते 800 वजनांत (आकडा वाढेल तशी रेषा जाड).

देवनागरीत एक पथ्य पाळा, लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधलं जादा अंतर) शून्य ठेवा. ते वाढवलं की शिरोरेखा तुटते, आणि टोकं गोल असल्यास ती फट आणखीच डोळ्यांत भरते. परिच्छेदही यातच हवे असतील तर रेग्युलर वजन, किमान 16 पिक्सेल आणि ओळींत दीडपट अंतर द्या.