टोयोटा ८६ आणि सुबारू बीआरझेड ही एकच गाडी आहे का? जुनी घेताना काय तपासावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: तुम्ही साताऱ्यात, धाकटा भाऊ मेलबर्नला नोकरीला. त्याने २०१३ ची मॅन्युअल टोयोटा ८६ पाहून ठेवली आहे, आणि जवळपास तेवढ्याच किमतीत त्याच सालची सुबारू बीआरझेडही मिळते आहे. दोन्ही एकाच कारखान्यातून निघतात असं त्याला कुणी सांगितलं. मग फरक काय, बाजारात एकमेकींशी भांडणाऱ्या कंपन्या असं का करतात, आणि पैसे मोजण्याआधी काय बघायचं?

गाडी एकच आहे. दोन्ही जपानमधल्या गुन्मा प्रांतात, ओता शहरातल्या सुबारूच्या कारखान्यात बनल्या, एकाच लाइनवर. बॉनेट उघडून इनटेक मॅनिफोल्डकडे बघायला सांगा. एका बाजूला 'टोयोटा डी-४एस' आणि दुसऱ्या बाजूला 'सुबारू बॉक्सर' अशी दोन्ही नावं तिथे कोरलेली दिसतील. कोणी काय दिलं ते त्यातच आलं. आडवं, म्हणजे सिलिंडर दोन बाजूंना आडवे पसरलेलं (यालाच बॉक्सर म्हणतात) चार सिलिंडरचं दोन लिटरचं इंजिन सुबारूचं, नाव एफए२०. त्यावरची डी-४एस इंजेक्शन पद्धत टोयोटाची. तिच्यात प्रत्येक सिलिंडरला दोन इंजेक्टर असतात, एक थेट सिलिंडरमध्ये आणि दुसरा इनटेक पोर्टमध्ये. गाडीची मूळ कल्पना आणि बाहेरचं रूप टोयोटाचं; तिकडचे मुख्य अभियंता तेत्सुया तादा. सिक्स स्पीड गिअरबॉक्स आयसिनचा, म्हणजे टोयोटाच्याच गोतावळ्यातला. मागे टॉर्सन डिफरन्शियल, म्हणजे मागच्या दोन चाकांत ताकद वाटणारा गिअरचा संच. बोअर (सिलिंडरचा व्यास) ८६ मिमी, स्ट्रोकही (पिस्टनची वरखाली धाव) ८६ मिमी, कॉम्प्रेशन १२.५ ला १, ताकद ७,००० आरपीएमला २०० पीएस, टॉर्क २०५ न्यूटन मीटर. वजन सव्वाबाराशे किलोच्या आसपास.

आता एकत्र का आले? २००५ मध्ये टोयोटाने जनरल मोटर्सकडून सुबारूचे ८.७ टक्के शेअर घेतले आणि २००८ मध्ये हिस्सा १६.५ टक्क्यांवर नेला. त्यामुळे निम्मी सोयरीक आधीच झाली होती. पण खरं कारण हिशेबाचं आहे. शिरवळ ते सातारा पट्ट्यात डाय-टूलिंगचं काम करणाऱ्या कुणालाही विचारा: डाय, म्हणजे साचा, एकदा कापली की तिच्यावर हजार नग काढा नाहीतर लाख काढा, डायचा खर्च तेवढाच. गाडीचंही तसंच. पत्र्याच्या डाय, अपघाताच्या चाचण्या, धुराची प्रमाणपत्रं, ब्रेकच्या कॉम्प्युटरचं सेटिंग या सगळ्याला लागणारा पैसा गाडी किती खपते ते बघत नाही. दोन दारांची, मागची सीट नावापुरती असलेली गाडी खपते थोडी. एकट्याने केली तर किंमत अशी होते की ती तरुण पोराच्या हातात येतच नाही. दोघांनी खर्च वाटून घेतला, दोन बिल्ल्यांखाली विकली, म्हणून ती जमली. साताऱ्याला हे नवं नाही. आपल्या एमआयडीसीतल्या महाराष्ट्र स्कूटर्समधून निघणारी 'प्रिया' ही बजाजच्या तंत्रावरच होती. जुने मेस्त्री तिचे पार्ट बजाजच्या दुकानातूनच आणायचे.

भागीदारी मात्र सगळीकडे सारखी नसते, आणि जुनी गाडी घेणाऱ्याने हा फरक ओळखलाच पाहिजे. टोयोटा सुप्रा आणि बीएमडब्ल्यू झेड४ घ्या. दोन्ही ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात माग्ना स्टायरच्या कारखान्यात बनल्या, व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) दोन्हींचा २,४७० मिमी, तीन लिटरचं सहा सिलिंडर टर्बो इंजिन बीएमडब्ल्यूचं बी५८, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स झेडएफचा. एक बंद छताची, दुसरी कापडी छताची. पाया ठरल्यावर दोघांनी ट्यूनिंग वेगवेगळं केलं, पण सुप्राच्या आतला स्क्रीन, बटणं, वायरिंग आणि कॉम्प्युटर बीएमडब्ल्यूचेच. बिल्ला टोयोटाचा असला तरी देखभालीचा खर्च टोयोटाचा धरू नये.

माझ्या दृष्टीने सगळ्यात जपून घ्यायची ती फियाट १२४ स्पायडर. सांगाडा माझदा एमएक्स-५ चा, बनली हिरोशिमाला माझदाकडे, पण इंजिन फियाटचं १.४ लिटर मल्टीएअर टर्बो, इटलीहून जहाजाने आणून बसवलेलं. टर्बोचा २४० न्यूटन मीटर टॉर्क माझदाच्या नव्या गिअरबॉक्सला झेपणारा नव्हता, म्हणून त्याआधीच्या पिढीच्या एमएक्स-५ चा सिक्स स्पीड गिअरबॉक्स घातला. गाडी चालवायला सुरेख आहे. पण बिघाड झाला की आधी हा भाग कुणाचा ते शोधायचं, मग त्याचं दुकान शोधायचं. ८६ आणि बीआरझेडमध्ये ही कटकट नाही, कारण तिथे दोन्ही गाड्यांत भागच तेच आहेत. म्हणून जोड्यांमध्ये मला ही सगळ्यात शहाणी वाटते.

तेच भाग, तरी चालवताना फरक का जाणवतो? सस्पेन्शनच्या स्प्रिंगमुळे. बीआरझेडचे पुढचे स्प्रिंग जरा कडक आणि मागचे जरा नरम, टोयोटाचे उलट. २०२१ मध्ये आलेल्या २.४ लिटरच्या दुसऱ्या पिढीतही दोघांनी तीच रीत ठेवली (आकडा मोठा तितका स्प्रिंग कडक): जीआर८६ ला, म्हणजे टोयोटाच्या नव्या ८६ ला, पुढे २८ आणि मागे ३९ न्यूटन प्रति मिमी, बीआरझेडला पुढे ३० आणि मागे ३५. यवतेश्वरचा घाट चढून कासकडे जाताना जशी उलटी फिरणारी वळणं लागतात, तशा वळणावर ओल्या रस्त्यात ॲक्सिलरेटर लवकर दाबला तर टोयोटाची शेपूट आधी सुटते. बीआरझेड थोडी शांत राहते. त्यात टायरही मुद्दाम कमी पकडीचे दिलेले: २१५/४५ आर१७, मिशलिन प्रायमसी. कमी वेगातही गाडी बोलती राहावी हा हेतू. भावाला मेलबर्नच्या पावसात रोज ऑफिसला जायचं असेल तर मी बीआरझेडकडे झुकेन. पण दहा-बारा वर्षं जुन्या गाडीत शॉकॲब्सॉर्बर आणि बुश किती झिजलेत यानेच इतका फरक पडतो, की बिल्ल्यावरून निवड करू नये.

आता खरी तपासणी. विक्रेत्याला आधीच सांगून ठेवायचं की आम्ही येईपर्यंत इंजिन चालू करू नका. हात लावून इंजिन थंड आहे याची खात्री करायची, मगच किल्ली फिरवायची.

पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे इंजिनातल्या व्हॉल्व्ह स्प्रिंगचा रिकॉल, म्हणजे दोष दुरुस्त करायला कंपनीने गाड्या परत बोलावणं. २०१२-१३ मध्ये बनलेल्या गाड्यांचे व्हॉल्व्ह स्प्रिंग तुटण्याचा धोका निघाला आणि २०१८ च्या शेवटी कंपनीने रिकॉल काढला. भावाची गाडी नेमकी त्या सालातली. उभ्या इंजिनात हे काम वरचं झाकण काढून होतं. आडव्या इंजिनात हेड (व्हॉल्व्ह असतात तो भाग) दोन बाजूंना चॅसिसच्या कडेला तोंड करून असतात, त्यामुळे इंजिन खाली उतरवावंच लागतं. अडचण पुढे आहे. परत जोडताना झाकणं आणि कॅम कॅरिअर (कॅमशाफ्ट धरणारा भाग) गॅस्केटऐवजी द्रव सीलंटने चिकटवतात. सीलंट जास्त लावलं की आत त्याची वळी निघते, ती सुटून ऑइलमध्ये पडते आणि ऑइल जाण्याच्या वाटा अडवते. मग बेअरिंगला ऑइल पोचत नाही आणि पिस्टनच्या रॉडचं बेअरिंग जातं. दुरुस्तीनंतर काही गाड्यांची इंजिनं अशीच बसली.

म्हणून दोन गोष्टी मागायच्या. चॅसिस नंबर घेऊन दोन्हीपैकी ज्या कंपनीची गाडी असेल तिच्या डीलरला फोन करायचा आणि रिकॉल झाला का, कधी, किती किलोमीटरला, हे विचारायचं. झाला असेल तर त्यानंतर गाडी किती चालली ते बघायचं. मधल्या काळात वीस-तीस हजार किलोमीटर बिनतक्रार झाले असतील तर बरीच काळजी मिटते. झालाच नसेल तर तो करून घ्या ही अट आधी, सौदा नंतर. आणि विक्रेता तयार असेल तर भावाने स्वतःच्या खर्चाने ऑइल बदलून जुना फिल्टर कापून उघडून बघावा. घड्यांमध्ये राखाडी किंवा काळ्या रबरासारखे तुकडे दिसले तर तिथूनच मागे फिरायचं. चकचकीत धातूचा चुरा दिसला तरी तेच.

फिल्टर या इंजिनात वरच्या बाजूला, उलटा बसवलेला असतो. बॉनेट उघडलं की हाताला लागतो. पण सरळ फिरवून काढला तर आतलं ऑइल सगळीकडे सांडतं. म्हणून आधी अर्धा सैल करून दहा मिनिटं सोडायचा, ऑइल आपोआप खाली उतरतं, मग काढायचा. फिल्टरसह ५.४ लिटर ऑइल बसतं, ०डब्ल्यू-२० ग्रेडचं.

थंड इंजिन चालू झालं की टकटक थोडी होणारच, थेट इंजेक्शनचा तो आवाज आहे. इंजिन तापल्यावर बॉनेटखालून रातकिड्यासारखा किरकिर आवाज आला तर तो हाय प्रेशर फ्युएल पंपाचा. पहिल्या वर्षांच्या गाड्यांमध्ये हे सर्रास होतं. त्रासदायक आहे, पण धोका नाही. मात्र त्याच्या जोडीला आयडलिंग (उभ्या गाडीत इंजिनाचा वेग) वरखाली होत असेल तर पंप बदलावा लागेल, तेवढे पैसे किमतीतून कमी करायला सांगा.

क्लच न दाबता न्यूट्रलला चिवचिव येते आणि पाय ठेवताच बंद होते का? मग क्लच सोडवणारं रिलीज बेअरिंग खराब आहे. भाग स्वस्त, पण गिअरबॉक्स खाली घ्यावा लागतो, म्हणजे मजुरी भारी. गिअरबॉक्स उतरणारच असेल तर क्लच प्लेटही त्याच वेळी बदलून टाकावी. थंड असताना दुसरा गिअर जरा अडखळतो, ते या गाडीचं नेहमीचं. तापल्यावरही कर्रकर्र वाजत पडत असेल तर सिंक्रोनायझर (गिअर अलगद पडायला मदत करणारी कडी) झिजलाय.

मग रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये २,५०० पासून सरळ ॲक्सिलरेटर दाबत न्यायची. साधारण ३,५०० ते ४,५०० आरपीएमच्या दरम्यान गाडी दम टाकल्यासारखी वाटेल आणि पुढे परत ओढेल. ही बिघाडाची खूण नाही, कारखान्यातूनच टॉर्क तिथे खाली येतो. हा खड्डा अजिबात जाणवला नाही तर एक्झॉस्ट आणि ट्यून (इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सेटिंग) बदलल्याची दाट शक्यता. विचारा कुणी केलं, कागद आहेत का. मेलबर्न ज्या व्हिक्टोरिया राज्यात आहे तिथे नोंदणीची गाडी विकताना विक्रेत्याला रोडवर्दी सर्टिफिकेट (गाडी रस्त्यावर चालवायला सुरक्षित असल्याचा दाखला) द्यावं लागतं, आणि बाहेरून बदललेल्या एक्झॉस्टवर ते अडू शकतं.

ही गाडी रेसिंगच्या ट्रॅकवर आणि ड्रिफ्टला, म्हणजे मागची चाकं मुद्दाम घसरवत चालवायला, खूप वापरली जाते. मागचे दोन टायर वेगळ्या कंपनीचे आणि अगदी नवे, पुढचे जुने, डिफरन्शियलच्या सीलजवळ ओल, मागच्या चाकाच्या कमानीत वितळलेल्या रबराचे ठिपके: यातलं काही दिसलं तर मालक "फक्त ऑफिसला वापरली" म्हणाला तरी मान्य करू नका. मागच्या दिव्यांत बाष्प धरतं, ते किरकोळ.

स्पार्क प्लग साधारण लाख किलोमीटरला येतात. एका बाजूला बॅटरी आणि दुसऱ्या बाजूला एअर फिल्टरचा डबा काढून, चॅसिस आणि हेडमधल्या चार बोटांच्या फटीत हात घालून काम करावं लागतं. रिकॉलला इंजिन बाहेर असतानाच ते बदलले असतील तर उत्तम, बिलावर बघा. आणि पेट्रोल ९८ ऑक्टेनचंच. कॉम्प्रेशन बघता त्यात काटकसर नको.

पुढे कधी गाडी साताऱ्याला आणायचा विचार असेल तर तो आताच सोडा. आपल्याकडे जुनी गाडी आयात करायची तर ती बनल्यापासून तीन वर्षांच्या आतली लागते; २०१३ ची बसतच नाही. शिवाय जमिनीपासून उंची १३० मिमीच्या आसपास, म्हणजे आपल्या गल्लीतल्या पहिल्याच स्पीडब्रेकरला पोट घासेल.

भागांबद्दल एक शेवटचं. टोयोटाच्या काउंटरवर ८६ च्या पुष्कळ भागांचे नंबर 'एसयू००३' ने सुरू होतात. तो भाग सुबारूकडून आलाय एवढाच त्याचा अर्थ. तोच भाग सुबारूच्या काउंटरवर वेगळ्या नंबराने आणि कधी वेगळ्या किमतीला मिळतो. बिल्ला, बंपर आणि स्प्रिंग सोडले तर भावाने प्रत्येक वेळी दोन्हीकडे फोन करून भाव विचारावा.