जिन्यात बोलू नकोस

विश्रामबाग, सांगली

प्रिय पोरी,

कुपवाडच्या तुमच्या फाउंड्रीच्या संचालक मंडळावर तुला घेतलं, हे ऐकून फार बरं वाटलं. फोनवर तू म्हणालीस, "काका अध्यक्ष, आत्याचे यजमान संचालक. त्यांच्यासमोर मी काय बोलणार?" घाईत उत्तर देता आलं नाही, म्हणून लिहितो.

मी तीस वर्षं कंपनी सचिव म्हणून इतिवृत्तं लिहिली. एका कंपनीतली बैठक अजून डोक्यातून जात नाही. नवी भट्टी घ्यायची होती. कागद बैठकीतच हातात पडले. कुणी पान उलटायच्या आत अध्यक्ष म्हणाले, "मला तर हे योग्यच वाटतं." संपलं! माना डोलल्या, चहा आला, मी 'सर्वानुमते मंजूर' लिहिलं. मग जिन्यात तिघांनी मला गाठलं. दर जास्त आहे, पुरवठादार साहेबांच्या नात्यातला आहे. हे वर का बोलला नाहीत, असं मीही विचारलं नाही. ती माझी चूक. पुढे हप्ते फेडताना कंपनीची दमछाक झाली.

मोठ्या कंपन्यांतही हेच. १६ डिसेंबर २००८ ला सत्यम या मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीच्या मंडळाने प्रवर्तकांच्या कुटुंबाशी संबंधित दोन मायटास कंपन्या सुमारे १.६ अब्ज डॉलरना घ्यायला मंजुरी दिली. मंडळावर नामवंत प्राध्यापक होते, निवृत्त कॅबिनेट सचिव होते. गुंतवणूकदार खवळले आणि काही तासांत माघार घ्यावी लागली. ७ जानेवारी २००९ ला अध्यक्षांनीच हिशेब फुगवल्याची कबुली दिली. समित्या, नियम, सगळं होतं तिथे.

तू सात दिवस आधीच्या नोटिशीबरोबर कागदही मागून घे. काकांना बैठकीत अचानक गाठू नकोस, आदल्या संध्याकाळी घरी जा आणि सांग, "उद्या मी हे विचारणार आहे." थोरल्यांचा मान राहतो आणि प्रश्नही राहतो. काकांनी आपलं मत सर्वांत शेवटी सांगावं, अशी विनंतीही कर. हे अवघड आहे, पण याच्याइतका फरक दुसऱ्या कशाने पडलेला मी पाहिला नाही. तरीही ठराव पटला नाही, तर न चिडता विरोध नोंदवायला सांग. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम ११८ प्रमाणे विरोध करणाऱ्या संचालकाचं नाव इतिवृत्तात यावंच लागतं.

पहिल्या बैठकीचे कागद आले की रविवारी घरी ये. आधी नातेवाइकांशी झालेले व्यवहार काढून बसू.

तुझ्या बाबांचा जुना स्नेही