हिमालयन ४११ (बीएस६) ला फ्री-फ्लो सायलेन्सर बसवलाय. आता ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) रीमॅप करू, पिगीबॅक (वरून जोडायचा डबा) बसवू की ऑक्सिजन सेन्सरचा डमी प्लग पुरेल?

तुम्ही लिहिलंय की सायलेन्सर बदलल्यापासून रेस सोडली की फटफट वाजतं, स्लोला गाडी अडखळते, अ‍ॅव्हरेज पडलंय, स्पार्क प्लग काळा निघतोय. आणि निपाणीतले मित्र म्हणतात, "लीन झालीय, मॅप मारून घे." लीन म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी, आणि मॅप म्हणजे कधी किती पेट्रोल सोडायचं याचा ईसीयूतला तक्ता. मित्रांना माझा नमस्कार सांगा आणि पैसे खिशातच ठेवा. प्लगवर काजळी धरतेय, पेट्रोल जास्त पितेय आणि तरी गाडी लीन? आधी बेंड पाईप इंजिनच्या हेडला जिथं बसतो तो जॉइंट बघा. मॅपचं नंतर.

मी बेळगावच्या उद्यमबागेत मशीन शॉपमध्ये काम करतो, गॅरेजवाला नाही. पण नेमकी हीच गाडी, हाच शौक आणि हेच "लीन" आमच्या घरात होऊन गेलंय. त्यावरून माझं आणि आतेभावाचं अजून धड जमत नाही. तुमचा प्रश्न वाचल्यावर राहवलं नाही, म्हणून लिहितोय.

आतेभाऊ खानापूरचा. दर पावसाळ्यात जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाटानं गोव्याला जाणारा. त्यानं सायलेन्सर बदलला, जोडीला कुठल्याशा बिननावाच्या वर्कशॉपचा जाड बेंड पाईपही बसवला. तुमच्यासारखीच लक्षणं सुरू झाली. तो गेला मोठ्या शहरातल्या एका ट्यूनिंगवाल्याकडे. त्यानं गाडी पाच मिनिटं रेस करून पाहिली, "फ्री-फ्लो आहे म्हणजे लीनच असणार" म्हणाला आणि सीटखाली पिगीबॅकचा डबा बसवून दिला. एक्झॉस्टमध्ये मीटर घातला नाही, प्लग उघडला नाही. परत येताना आतेभाऊ खूश, पिकअप वाढला म्हणे. पुढच्याच आठवड्यात टाकी आधीपेक्षा लवकर रिकामी होऊ लागली आणि घाटात अर्ध्या रेसवर धक्के बसू लागले. मग फोनवरून दुसरा मॅप, मग तिसरा. मी म्हटलं, गाडी माझ्याकडे सोड. तर उत्तर काय, "तुमच्या लेथवर कळतंय व्हय ईसीयूतलं?"

आत्याच्या आग्रहानं शेवटी गाडी हाताला आली. सकाळी थंड इंजिन चालू केलं आणि पेटती उदबत्ती हेडजवळच्या जॉइंटला धरली. आत्या अंगणात आली आणि म्हणाली, "गाडीला ओवाळूलालास काय रे?" मी म्हटलं, बघ की. धूर आधी फुंकर मारल्यासारखा बाहेर उडायचा आणि दोन ठोक्यांच्या मधे सुळकन आत ओढला जायचा. सिंगल सिलिंडरला एक्झॉस्टचा झोत एकसारखा नसतो. झोत निघून गेला की मागे क्षणभर दाब कमी होतो आणि फट असेल तिथून बाहेरची हवा आत शिरते.

आता त्या हवेनं होतं काय? बेंड पाईपमध्ये बसलेला ऑक्सिजन सेन्सर नॅरोबँड असतो. आमटी चाखून "मीठ कमी" एवढंच सांगणाऱ्या सासूसारखा; किती कमी ते विचारायचं नाही. ०.१ ते ०.९ व्होल्टच्या मधे त्याची सुई झुलत असते. ०.४५ च्या खाली गेली की ईसीयूच्या लेखी लीन, वर गेली की रिच, म्हणजे पेट्रोल जास्त. स्लोला आणि हलक्या एकसारख्या रेसवर ईसीयू त्याचं ऐकून इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा ते ठरवतो. याला क्लोज्ड लूप म्हणतात. बाहेरची हवा जॉइंटमधून आत आली की सेन्सरला ऑक्सिजन जास्त दिसतो, तो "लीन, लीन" ओरडत राहतो आणि बिचारा ईसीयू पेट्रोल वाढवत सुटतो. गाडी खरी रिच आणि सेन्सरच्या मते लीन. त्यावर डब्यानं आणखी पेट्रोल ओतलं. फटफटही त्याचीच: न जळलेलं पेट्रोल पाईपात, वर ताजी हवा. स्कॅनर लावला तर स्लोला सेन्सर ०.१ च्या आसपास चिकटून बसलेला, झुलायचं नावच नाही.

पाईप काढला. वेल्डिंगच्या उष्णतेनं तोंडाकडची रिंग वाकलेली होती. सपाटी तपासायच्या सरफेस प्लेटला ब्लू, म्हणजे निळा रंग, लावून त्यावर तोंड टेकवलं तर निळा रंग फक्त दोन टोकांना लागला, मधे कोरडं. इतकी वाकडी रिंग कुठलं गॅस्केट भरून काढणार? फाईल मारली, मग जाड काचेवर एमरी पेपर ठेवून आठाच्या आकड्यात घासत बसलो. ब्लू सगळीकडून सारखा उमटेपर्यंत सोडलं नाही. नवं गॅस्केट, दोन्ही नट आलटून पालटून आवळले, डब्याचे कनेक्टर काढून मूळ वायरिंग जोडलं. सेन्सर झुलायला लागला. चोर्ल्याला जाऊन आल्यावर प्लग चहासारखा तांबूस निघाला.

एवढं होऊनही आतेभावानं डबा परत जोडला, कारण त्याचे पैसे गेले होते. त्यातला पेट्रोल वाढवणारा मॅप काढून शून्य मॅप टाकला. शून्य मॅप म्हणजे ईसीयू जे सांगेल ते जसंच्या तसं इंजेक्टरला पुढे. थोडक्यात, डबा असून नसल्यासारखा. आणि आता कुणाच्या लग्नात भेटला की चारचौघांत सांगतो, डब्यानं गाडी सेट झाली. मी शून्य मॅपची आठवण करून दिली तर म्हणतो, "शून्य मॅपपण मॅपच की ओ!" याला काय बोलायचं?

बरं, तुमच्या तीन पर्यायांबद्दल. डमी प्लग ही शुद्ध धूळफेक आहे. ईसीयूला सेन्सर जागेवर असल्याचं भासवायचं आणि क्लोज्ड लूप कायमचा बंद करायचा, एवढंच तो करतो. इंटेक हवेच्या सेन्सरला थंड हवेचं सोंग दाखवणारे प्लगही त्याच माळेतले मणी. ईसीयूला वाटतं हवा घट्ट आहे, म्हणून पेट्रोल वाढवतो. आणि क्लोज्ड लूपमध्ये सेन्सर रिच म्हणाला की तेच परत कापतो.

पिगीबॅक म्हणजे पॉवर कमांडर, फ्युएलएक्स, पॉवरट्रॉनिक वगैरे. ईसीयू आणि इंजेक्टरच्या मधे बसून उघडझापीची वेळ कमीजास्त करतात. नुसतं पेट्रोल वाढवलं तर वर सांगितलं तसं ईसीयू कापतो, म्हणून यातले काही ऑक्सिजन सेन्सरच्या सिग्नललाही हात घालतात. पॉवरट्रॉनिक इग्निशनलाही घालतो. फायदा असा की काढून ठेवला की गाडी कंपनीची. रीमॅपमध्ये ईसीयूतलाच मॅप बदलतो: इग्निशन, क्लोज्ड लूपचं लक्ष्य, रेव्ह लिमिट, सगळं. मला विचाराल तर नीट करणारा माणूस मिळाला तर तेच बरं. फक्त सर्व्हिसला गेल्यावर कंपनीचं अपडेट मारलं तर केलेलं सगळं पुसलं जाऊ शकतं. पण काहीही करा, मूळ गाडी २४.३ बीएचपीची. नुसत्या सायलेन्सरवर आणि मॅपवर त्यात एक-दोन वाढले म्हणजे डोक्यावरून पाणी.

"इंजेक्शनला हात लावू नये, कार्बोरेटरच बरा" म्हणणारेही भेटतील तुम्हाला. आमचे जुने मिस्त्री तेच म्हणायचे. हिमालयनच २०१६ ला आली तेव्हा कार्बोरेटरवाली होती, २०१७ ला बीएस४ सोबत इंजेक्शन आलं. बेळगाव साडेसातशे मीटरवर आहे, इथली हवा समुद्रकाठापेक्षा सुमारे आठ टक्के विरळ. इथं जेट सेट केलेली कार्बोरेटरवाली गाडी पणजीला उतरली की लीन व्हायची. इंजेक्शनवाली दाबाचा सेन्सर बघून स्वतःच सावरते. पेट्रोलमधल्या इथेनॉलचंही तसंच. आपल्याच जिल्ह्यातल्या कारखान्यांच्या उसातून निघालेलं, परत आपल्याच टाकीत. निव्वळ पेट्रोलला १४.७ भाग हवा लागते, ई२० ला, म्हणजे वीस टक्के इथेनॉलवाल्याला, साधारण १३.५. क्लोज्ड लूप ते भरून काढतो. रेस पूर्ण पिळल्यावर मात्र ईसीयू सेन्सरला विचारत नाही, साठवलेल्या मॅपवर चालतो. तिथं २०२० ची, ई१० धरून बनलेली गाडी थोडी लीन जाऊ शकते. म्हणजे मॅपची गरज कधी नसतेच असं मी म्हणत नाही. वाइडबँड सेन्सर (किती लीन, किती रिच ते आकड्यात सांगणारा) लावून, फुल रेसला हवा-पेट्रोलचा आकडा १३ च्या पुष्कळ वर दिसला, तर खुशाल मॅप मारा. न मोजता मारलेला मॅप हा अंदाज असतो आणि त्याचे पैसे तुम्ही देता.

डायनोवर, म्हणजे गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, गेलात तर बदलाच्या आधीचा आणि नंतरचा, असे दोन्ही ग्राफ एअर-फ्युएलच्या रेषेसकट मागा. देत नसेल तर चहा पिऊन परत या.

राहिलेलं थोडं. उदबत्तीचा प्रयोग उघड्यावर करा, टाकी भरलेली आणि झाकण पेट्रोलनं ओलं असताना नको. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीतले असे बदल बसत नाहीत. सायलेन्सर पोलिसांनी काढून घेतला तर मला शिव्या देऊ नका. वॉरंटी असेल तर ती गेली समजा. १ एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांना ओबीडी-२ (बिघाड स्वतः ओळखणारी यंत्रणा) आहे, तिथं सेन्सरशी खेळ केला की चेक लाइट पेटू शकतो. आणि बेंड पाईपचे नट इंजिन थंड असतानाच सोडवा, आदल्या रात्री गंजाचं तेल मारून ठेवा. तरी स्टड हेडात मोडलाच तर गाडी टेम्पोत घालून उद्यमबागेत आणा, ते काम आमच्याकडे होतं.